आधी कोण, मागून कोण?
ब्लॉकचेनवरील व्यवहारांचा क्रम आणि त्यांचे ‘बंडल’

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर म्हटले की आयुध निर्माणी आठवते. पण तिच्या कुंपणाबाहेर पडले की भोवताली धानाची शेते आहेत. समजा, त्यांतील एक शेत मालकाने सोमवारी एका गृहस्थाला खरेदीखत करून विकले आणि पैशाच्या मोहाने तेच शेत बुधवारी दुसऱ्यालाही विकले. दुसरा खरेदीदार चलाख निघाला. त्याने त्याच दिवशी दुय्यम निबंधकाचे कार्यालय गाठून दस्त नोंदवून घेतला. पहिल्याच्या घरी लग्नकार्य होते, त्याचा दस्त पंधरा दिवसांनी नोंदला गेला. आता शेत कोणाचे?

रांगेच्या न्यायाने पाहिले तर दुसऱ्याचे. कायद्याने पाहिले तर पहिल्याचे. नोंदणी अधिनियम, १९०८ मधील कलम ४७ सांगते की, नोंदलेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर तो अमलात यावयाचा होता त्या दिवसापासून लागू होतो. नोंदणीसाठी कायद्याने चार महिन्यांची मुदत दिली आहे आणि त्या मुदतीत आलेल्या दोन दस्तांपैकी आधी करून दिलेला दस्त वरचढ ठरतो. (हल्ली दस्त करणे आणि नोंदणे बहुधा एकाच बैठकीत उरकते, म्हणून असे प्रसंग कमी झाले, कायदा मात्र तोच आहे.) थोडक्यात, वहीतील अनुक्रमांक आणि हक्काचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या कायद्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच ओळखले होते.

हाच व्यवहार ब्लॉकचेनवर झाला असता तर? तेथे वहीतील अनुक्रमांक हाच हक्क. ज्याचा व्यवहार साखळीत आधी बसला त्याचे शेत. दुसऱ्याचा व्यवहार ‘मालकाकडे देण्यासारखे काही उरले नाही’ म्हणून आपोआप फसतो. सोमवार आधी की बुधवार, हे तेथे कोणी विचारत नाही. आणि दोन्ही व्यवहार एकाच वेळी येऊन पडले, तर त्यांतील पुढे कोण हे ठरविणारी एक व्यक्ती किंवा संस्था असते. ती कोण, कशाच्या आधारे ठरवते आणि त्यातून कोणाचा खिसा भरतो, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

ब्लॉकचेनविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात एक वाक्य हमखास असते : तेथे एकदा केलेली नोंद बदलता येत नाही. वाक्य खरे आहे, पण अर्धवट आहे. नोंद झाल्यानंतर काय होते एवढेच ते सांगते. नोंद होण्यापूर्वीच्या काही सेकंदांत काय होते, याविषयी ते मौन पाळते. खरी गंमत, आणि खरी लूटही, त्या सेकंदांत आहे.

रांग नसलेले प्रतीक्षागृह

बिटकॉइनची कल्पना सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये मांडली गेली, तेव्हा तिच्यापुढील मूळ प्रश्न क्रमाचाच होता. तेच नाणे दोघांना दिले तर कोणाचे खरे मानावे? बँकेत हा प्रश्न येत नाही, कारण तेथे एकच वही आणि एकच वहीवाला. पण जगभर पसरलेल्या हजारो संगणकांनी मिळून वही ठेवायची म्हटले की ‘आधी’ या शब्दाचाच अर्थ डळमळतो. नागपुरातून पाठविलेला संदेश मुंबईच्या संगणकाला आधी पोचेल आणि फ्रँकफर्टच्या संगणकाला नंतर. फ्रँकफर्टहून निघालेल्या संदेशाचे नेमके उलट होईल. दोघांच्याही मते आपल्याकडचाच क्रम खरा असतो आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो.

यावर काढलेला तोडगा असा की, व्यवहार एकेकटे न नोंदता त्यांचे गठ्ठे करावेत, त्या गठ्ठ्याला ‘ब्लॉक’ म्हणावे आणि प्रत्येक ब्लॉक मागच्या ब्लॉकला जखडून टाकावा. बिटकॉइनवर असा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी तयार होतो, इथेरियमवर दर बारा सेकंदांनी. आठवा ब्लॉक सातव्याच्या नंतरचा आणि नवव्याच्या आधीचा, याबद्दल मग कोणालाच शंका उरत नाही.

पण एका ब्लॉकच्या आतील दीड-दोनशे किंवा हजारभर व्यवहारांचा आपसांतील क्रम? तो नियमाने फारसा बांधलेला नाही. एका खात्याचे व्यवहार त्या खात्याच्या स्वतःच्या अनुक्रमानेच बसले पाहिजेत, एवढे बंधन इथेरियमवर आहे. वेगवेगळ्या खात्यांचे व्यवहार मात्र ब्लॉक रचणाऱ्याने हवे तसे मांडावेत.

व्यवहार पाठविणाऱ्याने सही करून तो सोडला की तो प्रथम एका प्रतीक्षागृहात जातो. त्याला ‘मेमपूल’ म्हणतात. हे प्रतीक्षागृह आणि आपल्या एसटी स्थानकावरची रांग यांत दोन फरक आहेत. पहिला, येथे रांग नाही. सगळे नुसते उभे आहेत आणि वाहकाला वाटेल त्याला तो आत घेतो. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. येथे प्रत्येकाच्या कपाळावर तो कोठे जाणार, किती पैसे घेऊन जाणार आणि जास्तीत जास्त किती तोटा सोसायला तयार आहे, हे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. जगातील कोणीही ते वाचू शकतो.

वाहक आत कोणाला घेतो? साहजिकच, जो अधिक देतो त्याला. ऑगस्ट २०२१ पासून इथेरियमवर शुल्काचे दोन भाग आहेत. मूळ शुल्क जाळून टाकले जाते, ते कोणाच्याच पदरात पडत नाही. वरची ‘बक्षिसी’ ब्लॉक सुचविणाऱ्याला मिळते. बक्षिसी जास्त तर जागा पुढची. येथवर यात काही वावगे वाटत नाही. रेल्वेच्या तत्काळ तिकिटालाही आपण जास्तच पैसे मोजतो. पण तत्काळ तिकीट घेणारा माझ्या पुढे जाऊन बसला म्हणून माझ्या तिकिटाची किंमत वाढत नाही. ब्लॉकचेनवरील बाजारात ती वाढते.

पावातील भाजी

येथे थोडे अंकगणित केल्याशिवाय इलाज नाही. ब्लॉकचेनवरील विनिमय केंद्रांत बहुधा समोर विक्रेता नसतोच. तेथे एक हौद असतो. एका बाजूला नाणी, दुसऱ्या बाजूला पैसे, आणि दोहोंचा गुणाकार कायम राहिला पाहिजे एवढाच नियम. समजा, हौदात १०० नाणी आहेत आणि १० लाख रुपये आहेत. (प्रत्यक्षात रुपये नसतात, डॉलरशी बांधलेली नाणी असतात, हिशेबात फरक पडत नाही. हौदाचे किरकोळ शुल्कही सोडून देऊ.) गुणाकार झाला १० कोटी. तुम्ही १ लाख रुपये टाकलेत की पैसे ११ लाख होतात, म्हणून नाणी ९०.९१ उरली पाहिजेत. म्हणजे तुम्हाला ९.०९ नाणी मिळतात.

तुमचा हा बेत प्रतीक्षागृहात सगळ्यांना दिसतो. तुम्ही ‘ठरल्यापेक्षा दहा टक्के कमी नाणी मिळाली तरी चालतील’ अशी सूट दिली आहे, हेही दिसते. एक संगणक-प्रणाली, तिला तेथे ‘बॉट’ म्हणतात, तत्परतेने दोन व्यवहार तयार करते. पहिला तुमच्या लगेच आधी : ५० हजारांची खरेदी. तिला ४.७६ नाणी मिळतात आणि भाव चढतो. मग तुमचा व्यवहार. आता तुमच्या १ लाखात ८.२८ नाणीच येतात, म्हणजे सुमारे नऊ टक्के कमी. तुम्ही दहा टक्क्यांची सूट दिलेली असल्याने व्यवहार फसत नाही, मुकाट्याने पार पडतो. भाव आणखी चढतो. तुमच्या लगेच मागे बॉट आपली ४.७६ नाणी परत हौदात विकते आणि ५९ हजार ७०० रुपये उचलते. बारा सेकंदांत, कोणतीही जोखीम न घेता, ५० हजारांवर ९ हजार ७०० रुपयांचा नफा. आणि तो सगळा तुमच्या खिशातून.

दोन पावांच्या कापांत भाजी दाबावी तसा तुमचा व्यवहार मधे दाबला जातो, म्हणून या प्रकाराला ‘सँडविच’ हे नाव पडले. येथे कोणी संकेतशब्द चोरलेला नाही, बनावट सही केलेली नाही, झालेली नोंद बदललेली नाही. तीन खरेखुरे व्यवहार विशिष्ट क्रमाने मांडले, एवढेच. ‘नोंद बदलता येत नाही’ या हमीचा तुम्हाला येथे काडीचाही उपयोग नाही. उलट झालेला तोटाच कायमचा होऊन बसतो.

क्रम लावण्याच्या अधिकारातून निघणाऱ्या या कमाईला २०१९ मध्ये फिल डेयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शोधनिबंधात नाव दिले आणि ती मोजण्याचा मार्ग दाखविला. तिला आता ‘एमईव्ही’ म्हणतात. सगळीच एमईव्ही सँडविचसारखी नसते, हे येथे नमूद केले पाहिजे. दोन हौदांतील भावांत तफावत पडली की एकीकडे घेऊन दुसरीकडे विकणारे लोक भाव सारखे राखण्याचे उपयुक्त कामही करतात. कर्ज बुडू लागले की तारण विकून घेणारेही लागतातच. पण या उपयुक्त कामालाही पहिला क्रमांकच लागतो.

‘बंडल’ म्हणजे काय?

बॉट चालविणाऱ्यालाही एक धास्ती असते. त्याचा पहिला व्यवहार लागला, पण तुमचा दुसऱ्याच ब्लॉकमध्ये गेला तर? मग तो चढ्या भावाची नाणी कवटाळून बसेल. शिवाय त्याचे दोन व्यवहारही प्रतीक्षागृहात सर्वांना दिसतात. एखादी अधिक हुशार बॉट त्यालाच पावात घालून खाईल. त्याला हवे असते ते असे : माझे हे तीन व्यवहार याच क्रमाने, एकमेकांना चिकटून, लागू देत, नाही तर तिन्ही टाकून द्या. आणि तोवर ते कोणाला दिसू नयेत.

या गरजेतून ‘बंडल’ जन्माला आले. मराठीत ‘बंडल मारणे’ याचा जो अर्थ होतो त्याच्याशी याचा संबंध नाही, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. दारूगोळ्याच्या धंद्यात माल ‘लॉट’ने ओळखला जातो, नमुने तपासतात आणि लॉट स्वीकारायचा तर सगळा, नाकारायचा तर सगळा. जवाहरनगरात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. बंडलचे तत्त्व तेच आहे, फक्त त्यात आतील क्रमाचीही अट जोडलेली असते.

२०२० मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्लॅशबॉट्स’ या संस्थेने अशा बंडलांसाठी इथेरियमवर खासगी मार्ग खुला केला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकाम सोडून दिले, तेव्हापासून ही व्यवस्था चार टप्प्यांची झाली आहे. नफ्याच्या संधी हुडकणारा ‘सर्चर’ बंडल बांधतो आणि त्यासोबत किती पैसे देणार ते सांगतो. अनेक बंडले आणि सुटे व्यवहार जुळवून ‘बिल्डर’ सर्वांत किफायतशीर ब्लॉक रचतो. (बिल्डर म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र येते ते क्षणभर बाजूला ठेवावे, मोक्याची जागा कोणाला द्यायची हे ठरविण्याचा अधिकार मात्र दोघांनाही आहे.) ‘रिले’ हा मध्यस्थ बंद पाकिटातील ही बोली पुढे पोचवतो. शेवटी ‘व्हॅलिडेटर’, म्हणजे ज्याची त्या बारा सेकंदांपुरती पाळी लागली आहे तो, आतील मजकूर न पाहताच सर्वांत मोठ्या बोलीवर सही करतो. आज इथेरियमचे बहुतांश ब्लॉक याच वाटेने येतात. म्हणजे आपण ज्याला हजारो संगणकांनी मिळून ठेवलेली वही म्हणतो, तिच्यातील पानाचा मजकूर कोणत्या क्रमाने लिहायचा हे मूठभर बिल्डर ठरवतात आणि बाकीचे हजारो त्यावर शिक्का मारतात.

सोलाना या वेगवान साखळीवर ‘जिटो’ची बंडले चालतात. त्यांत जास्तीत जास्त पाच व्यवहार मावतात, आणि क्रम व ‘सगळे किंवा काहीच नाही’ हे तत्त्व तसेच. जिटोने आपले प्रतीक्षागृह मार्च २०२४ मध्ये बंद केले, कारण त्याचा उपयोग सँडविच करण्यासाठी होऊ लागला होता. दार बंद झाले, पण व्हॅलिडेटरांशी संधान बांधून मागच्या दाराने डोकावणारे संपले नाहीत.

बंडल हे हत्यार मुळात वाईट नाही. एखाद्याच्या खात्याची गुप्त किल्ली चोराच्या हाती लागली आहे, खात्यात मौल्यवान वस्तू अडकली आहे, आणि ती हलविण्याचे शुल्क भरायला पैसे टाकले की चोराची बॉट ते पैसे तत्क्षणी पळवते, अशी अवस्था पुष्कळांची होते. अशा वेळी ‘शुल्काचे पैसे टाका’ आणि ‘वस्तू सुरक्षित खात्यात हलवा’ हे दोन व्यवहार एका बंडलमध्ये बांधून पाठवतात. मधे शिरायला फटच न उरल्याने चोर हात चोळत बसतो.

नावाच्या घोटाळ्याबद्दल एक सूचना करून पुढे जाऊ. इथेरियमवर २०२३ पासून ‘बंडलर’ नावाची आणखी एक सेवा आहे. ती अनेकांच्या सूचना गोळा करून एका व्यवहारात घालते, जेणेकरून शुल्क दुसरे कोणी भरू शकेल. आणि दुय्यम साखळ्या हजारो व्यवहारांचा सारांश करून मुख्य साखळीवर टाकतात, त्याला ‘बॅच’ म्हणतात. गठ्ठा बांधण्याचा हेतू तेथे खर्च वाचविण्याचा असतो.

मुंबईची साखळी

खर्च वाचविण्याच्या या गठ्ठ्यांशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मुंबईत ‘मॅटिक नेटवर्क’ सुरू केले. पुढे २०२१ मध्ये त्याचे नाव ‘पॉलिगॉन’ झाले. तिच्या चाचणीसाठीच्या साखळीचे नाव कित्येक वर्षे चक्क ‘मुंबई’ होते; ती एप्रिल २०२४ मध्ये बंद करण्यात आली. पॉलिगॉनची कल्पना साधी होती. व्यवहार आपल्या स्वस्त साखळीवर दर दोनेक सेकंदांनी ब्लॉकमध्ये घालावेत आणि ठरावीक अंतराने अनेक ब्लॉकांचा मिळून एक गणिती ठसा महागड्या पण भक्कम इथेरियमवर उमटवावा.

स्वस्ताईने क्रमाच्या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. इथेरियमवर पुढची जागा हवी असेल तर बोली लावावी लागे. पॉलिगॉनवर शुल्क इतके नगण्य होते की बोली लावण्याऐवजी तोच व्यवहार शेकडो वेळा पाठवावा, त्यांतला एखादा योग्य जागी पडेल, हे बॉटवाल्यांना परवडत असे. लग्नाच्या पंगतीत एका माणसाने आपल्या नावाची पन्नास पाने मांडून ठेवावीत तसा हा प्रकार. साखळी निरर्थक व्यवहारांनी तुंबू लागली, तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये पॉलिगॉनने किमान शुल्क एकदम तीस पट वाढविले. रांग लावायची तर तिचे काही तरी मोल हवे, आणि मोल ठेवले की ज्याच्याकडे पैसे तो पुढे. या पेचातून आजवर कोणत्याही साखळीची सुटका झालेली नाही.

याच पॉलिगॉनवर २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथील सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची नोंद करण्याचा प्रकल्प राबविला गेला. प्रमाणपत्र बनावट आहे की खरे, हे कोणालाही कोठूनही तपासता यावे, हा हेतू. अशा कामात सबंध कागद साखळीवर ठेवावा लागत नाही. त्याचा गणिती ठसा पुरतो. हजारो ठशांची जोड्याजोड्यांनी गुंफण करून त्यांचा एकच मूळ ठसा काढण्याची ‘मर्कल वृक्ष’ नावाची रीत आहे, तिने हजारो कागद एका व्यवहारात जखडता येतात.

आता क्रमाचा प्रश्न येथे लावून पाहा. अमुक विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र ब्लॉकमध्ये तिसरे बसले की तेहतिसावे, याने कोणाचे काय बिघडते? काहीच नाही. एकाच्या नोंदीने दुसऱ्याच्या नोंदीचे मोल बदलत नाही. म्हणूनच प्रमाणपत्रांसाठी हे तंत्र बरे आहे. शेताचे तसे नाही, लिलावाचे नाही, मर्यादित जागांच्या प्रवेशाचेही नाही. जेथे एकाला मिळाले की दुसऱ्याला मिळत नाही, तेथे क्रम म्हणजेच हक्क.

दलाल स्ट्रीटचा धडा

पुढची जागा मिळविण्याची ही धडपड काही ब्लॉकचेनने शोधलेली नाही. मुंबई शेअर बाजारात १९९५ पर्यंत रिंगणात ओरडून सौदे होत आणि ज्याचा आवाज मोठा, खांदा भक्कम, त्याचा सौदा आधी होई. संगणक आले आणि नियम निश्चित झाला : आधी चांगला भाव, भाव सारखा असेल तर आधीची वेळ. एकच बाजार, एकच घड्याळ. ग्राहकाची मोठी मागणी कळल्यावर तिच्या आधी आपली खरेदी उरकून घेणे, म्हणजे ‘फ्रंट रनिंग’, हा सेबीच्या २००३ च्या नियमांनुसार गैरव्यवहार ठरतो.

तरीही राष्ट्रीय शेअर बाजाराच्या ‘को-लोकेशन’ प्रकरणाने दाखविले की, घड्याळ एक असले म्हणून वाद मिटत नाहीत. बाजाराच्याच आवारात आपला संगणक ठेवण्याची ही सोय. तो वाद सौदे जुळविण्याच्या क्रमाचा नव्हता, भावांची माहिती पोचण्याच्या क्रमाचा होता. सुरुवातीच्या वर्षांतील यंत्रणेत माहिती जोडल्या गेलेल्या दलालांना एकापाठोपाठ एक जाई. जो सकाळी आधी जोडला गेला त्याला ती क्षणभर आधी मिळे. सर्वांना एकाच वेळी माहिती देणारी पद्धत नंतर आली. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने बाजाराला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने तो रद्द करून दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी भरावयास सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये संगनमताचे आरोप पुराव्याअभावी सेबीनेच वगळले. निकाल कोणाला पटो वा न पटो. तक्रार ऐकणारा कोणी तरी होता, कागदपत्रे मागविता आली, अपील झाले.

ब्लॉकचेनवर तक्रार कोणाकडे करायची? अमेरिकेतील एका खटल्याने हा प्रश्न विलक्षण रीतीने पुढे आणला. एमआयटीत शिकलेल्या अँटन आणि जेम्स पेरेर-ब्वेनो या भावांनी एप्रिल २०२३ मध्ये स्वतःच व्हॅलिडेटर होऊन सँडविच करणाऱ्या बॉटना आमिष दाखविले, रिलेमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन बंद पाकीट आधीच फोडले आणि आतील बंडलचा क्रम आपल्या सोयीने बदलला. बारा सेकंदांत सुमारे अडीच कोटी डॉलर त्यांच्या हाती आले, असा सरकारी पक्षाचा आरोप. लुटले गेले ते लुटारूच! बचाव पक्षाचे म्हणणे असे की, जेथे क्रम लावण्याचा नियमच नाही तेथे नियम मोडला कसा? मे २०२४ मध्ये आरोप ठेवले गेले, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये मॅनहॅटनच्या न्यायालयातील ज्युरींचे एकमत होऊ शकले नाही आणि खटला निर्णयाविना संपवावा लागला.

मग उपाय काय? ‘जो आधी आला तो पुढे’ हा नियम करावा, असे कोणालाही सुचेल. ‘आर्बिट्रम’ या साखळीने नेमके तेच केले होते. परिणाम असा की, क्रम लावणाऱ्या संगणकाच्या जवळात जवळ आपला संगणक नेऊन ठेवण्याची शर्यत लागली. म्हणजे को-लोकेशनच पुन्हा दारात. अखेर एप्रिल २०२५ मध्ये आर्बिट्रमने एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाची आघाडी उघड लिलावाने विकण्यास सुरुवात केली. दुसरा मार्ग असा की, ठरावीक कालावधीतील सर्व सौदे एकाच भावाने मिटवावेत, म्हणजे आतील क्रमाला अर्थच उरत नाही. काही विनिमय केंद्रे तो वापरतात. तिसरा, व्यवहार कुलूपबंद अवस्थेत पाठवावा आणि क्रम ठरल्यावरच उघडावा. हा मला सर्वांत न्याय्य वाटतो, पण कुलपाच्या किल्ल्या कोणी सांभाळायच्या यावर घोडे अडले आहे.

आपल्याकडील बहुतेक गुंतवणूकदार नाणी घेतात ती भारतीय विनिमय केंद्राच्या ॲपवर. तेथे सौदा त्या कंपनीच्या स्वतःच्या वहीत होतो, साखळीवर नाही. त्यामुळे सँडविचचा धोका तेथे नाही, मात्र कंपनीवरच विसंबण्याचा धोका आहे. स्वतःच्या वॉलेटमधून थेट हौदात सौदा करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. घसरणीची सूट दहा टक्के ठेवणे म्हणजे पाकीट वरच्या खिशात ठेवून जत्रेत जाणे; मोठ्या हौदात अर्धा टक्का पुष्कळ होतो आणि व्यवहार फसला तर थोडे शुल्क जाते, इतकेच. दुसरे, व्यवहार सार्वजनिक प्रतीक्षागृहात न जाता खासगी मार्गाने बिल्डरकडे जाईल अशी सोय अनेक वॉलेटांत आता आहे. अर्थात तो मार्ग चालविणाऱ्याला तुमचा बेत दिसतोच.

उद्या एखाद्या सरकारी खात्याने सातबारा किंवा फेरफार ब्लॉकचेनवर नेण्याची निविदा काढली, तर तिच्यात ‘नोंद अपरिवर्तनीय असावी’ हे कलम असेलच. त्याच्या शेजारी आणखी दोन कलमे हवीत. साखळीचे ब्लॉक कोण रचणार आणि क्रम कोणत्या नियमाने लागणार, हे एक. दुसरे, दस्त करून दिल्याची तारीख आणि वेळ सहीनिशी नोंदीच्या आतच असावी, आणि दोन नोंदींत तंटा उभा राहिला तर साखळीतील अनुक्रमांक नव्हे, ती तारीख प्रमाण मानली जावी. कारण कलम ४७ अजून रद्द झालेले नाही.